पास, वर्गणी आणि रिकामी खुर्ची

ऑक्टोबर २०२३ मध्ये पीव्हीआर आयनॉक्स या कंपनीने 'पासपोर्ट' नावाची एक योजना बाजारात आणली. महिन्याला ६९९ रुपये भरायचे आणि महिनाभरात दहा सिनेमे बघायचे. अटी होत्याच. पास सोमवार ते गुरुवार एवढाच चालणार, आयमॅक्ससारख्या भारी पडद्यांवर चालणार नाही, आणि घ्यायचा तर किमान तीन महिन्यांसाठी. मार्च २०२४ मध्ये तीच योजना आटोपशीर होऊन आली. महिन्याला ३४९ रुपये, सिनेमे चार, म्हणजे तीन महिन्यांचे १०४७.

असा पास परवडतो का? पुण्या-मुंबईत बसून याचं उत्तर देणं फारसं अवघड नाही. मला मात्र हा प्रश्न आमच्या आंधळगावात उभं राहून विचारायचा आहे. आंधळगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. धानाच्या बांध्या आणि कोशाचे हातमाग ही गावाची ओळख. मल्टिप्लेक्स म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नागपूर येतं. मग आंधळगावच्या माणसाने या पासचा विचारसुद्धा का करावा, असं कोणी म्हणेल. पण मला वाटतं, एखाद्या वस्तूची खरी किंमत कळायची असेल तर ती जिथे सहज मिळते तिथे नाही, जिथे ती जेमतेम पोचते तिथे जाऊन बघावी. शिवाय सिनेमासाठी आगाऊ पैसे भरणं ही काही २०२३ सालची नवलाई नव्हे. त्याला चांगला जुना इतिहास आहे, आणि त्यात आमच्यासारख्या गावांचाही वाटा आहे.

आधी सरळ हिशेब करून टाकू. ६९९ ला दहा म्हणजे सिनेमा सत्तर रुपयांना पडला. ३४९ ला चार म्हणजे सत्त्याऐंशीच्या आसपास. २०२३-२४ या वर्षात या कंपनीच्या तिकिटाचा सरासरी दर २६० रुपयांच्या घरात होता. म्हणजे महिन्यात दोन सिनेमे बघितले की ३४९ चा पास वसूल. (आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट तसंही स्वस्त असतं, तेव्हा अडीच म्हणा, तीन म्हणा.) पण एकच बघितला तर साध्या तिकिटापेक्षा महाग पडला. झाला हिशेब!

मग कंपनी आपल्याला सत्तर रुपयांत सिनेमा का दाखवत होती? धर्मादाय म्हणून नक्कीच नाही. थिएटरची खुर्ची हा मोठा विचित्र माल आहे. भाजीवाल्याची भेंडी आज खपली नाही तर उद्या कमी भावात जाते. कापड वर्षभर ठेवता येतं. खुर्ची मात्र दिवे मालवले त्या क्षणी नासते. मंगळवारी तीनच्या खेळाला रिकामी राहिलेली खुर्ची बुधवारी विकता येत नाही. आणि रिकाम्या खुर्च्या थोड्याथोडक्या नसतात. मोठमोठ्या मल्टिप्लेक्समध्येही वर्षाची सरासरी काढली तर चारांतली एखादीच खुर्ची भरलेली असते. अशा खुर्चीवर सत्तर रुपये देणारा माणूस बसला तरी तो फायदाच. वर तो मध्यंतरात पॉपकॉर्न घेणार. त्याच वर्षी या कंपनीच्या थिएटरांत माणशी खाण्यापिण्याचा खर्च सुमारे १३० रुपये होता, म्हणजे तिकिटाच्या निम्मा. पासचं गणित मध्यंतरात जुळतं ते असं.

रिकाम्या खुर्चीची ही चिंता सिनेमाइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिकीट होतं एक रुपया. तेव्हाचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. लगेच काही दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि महिनाअखेरपर्यंत चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळे दर लागले. एकच चित्र, एकच पडदा, पण ज्याच्या खिशाला जे झेपेल ते त्याच्याकडून घ्यायचं. पिटातल्या बाकापासून बाल्कनीपर्यंतची सगळी उतरंड यातूनच आली. मल्टिप्लेक्सने बाक आणि बाल्कनी काढून टाकली आणि तीच उतरंड वारांवर नेऊन ठेवली. शनिवार-रविवार म्हणजे बाल्कनी, मंगळवार म्हणजे पीट. पास घेणारा माणूस पिटातलं तिकीट काढतो, फक्त आता त्याला ते सांगत नाहीत, इतकंच.

बाहेरच्या देशांत हा प्रयोग आधी झाला. फ्रान्समध्ये यूजीसी या थिएटर कंपनीने मार्च २००० मध्ये ९८ फ्रँक महिना घेऊन हवे तितके सिनेमे बघू देणारं कार्ड काढलं. त्यावर तिथे इतका गहजब झाला की पुढच्याच वर्षी अशा कार्डांवर नियंत्रण आणणारी तरतूद कायद्यात करावी लागली. लहान थिएटरवाल्यांचं म्हणणं साधं होतं : ज्याने एका साखळीचं कार्ड घेतलं तो आमच्या दारात कशाला येईल? अमेरिकेत मूव्हीपास नावाच्या कंपनीने तर ऑगस्ट २०१७ मध्ये कहर केला. महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट, आणि रोज एक सिनेमा! गंमत अशी की या कंपनीचं स्वतःचं एकही थिएटर नव्हतं. गिऱ्हाईक जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा ती थिएटरला तिकिटाची पूर्ण किंमत मोजत होती. लोक पैसे भरतील आणि जाणार नाहीत, या भरवशावर धंदा उभा होता. वर्षभरात तीस लाखांवर सभासद झाले आणि लोक खरोखरच सिनेमाला जाऊ लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद पडली, आणि जानेवारी २०२० मध्ये तिची मालक कंपनी दिवाळखोरीत निघाली.

यातून मला एक गोष्ट उमगते. पास म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यातली एक छोटीशी पैज असते. घेणारा म्हणतो मी जाईन, विकणारा म्हणतो बघू. तेव्हा पास परवडतो का, हा प्रश्न मुळात पैशांचा नाहीच. आपण जाणार का, हा खरा प्रश्न.

आता आंधळगावात येऊ. पास ही चीज आमच्याकडे कोणाला नवीन नाही. एसटीचा मासिक पास घरोघरी माहीत आहे. त्याचं गणित किती स्वच्छ असतं बघा. वीस दिवसांचं भाडं भरा आणि तीस दिवस प्रवास करा. तीन महिन्यांचा घेतला तर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. तुमसरला किंवा भंडाऱ्याला नोकरीला जाणाऱ्या माणसाला हा पास परवडतो का, असं कोणी विचारत नाही. कारण त्याला जायचंच असतं. सवय आधीची, पास नंतरचा. सिनेमाच्या पासचं बरोब्बर उलटं आहे. तिथे पास आधी घ्यायचा आणि मग सवय लावून घ्यायची. चार सिनेमांचे पैसे भरलेत ना, मग चार सिनेमे बघायलाच हवेत, मग ते चार कुठले का असेनात!

आणि आंधळगावहून नागपूरला मंगळवारचा सिनेमा बघायला जायचं म्हणजे काय काय मोजायचं? तिकीट पासवर. बसभाडं वेगळं. (१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. नागपूरचा सिनेमा परवडण्याच्या दृष्टीने बघितलं तर ती सवलत कुठल्याही पासपेक्षा मोठी होती, असं माझं मत आहे.) त्यानंतर नागपुरात उतरून थिएटरपर्यंत ऑटो. आणि सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे दिवस. मागावर बसणाऱ्या माणसाला महिन्याचा पगार नसतो. जेवढं विणलं तेवढे पैसे. दोन-अडीच तासांच्या सिनेमासाठी त्याचा अख्खा दिवस मोडतो. नोकरदार माणसाची रजा कापली जाते ती कधी महिन्याअखेर कागदावर दिसते, विणकराचा खाडा त्याच संध्याकाळी कापडावर दिसतो.

शेतकऱ्याचं तर विचारूच नका. धान म्हणजे आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. रोवणीच्या दिवसांत मंगळवार नि रविवार सारखेच, दोन्ही दिवशी चिखलात उभं राहायचं. पासचं कॅलेंडर सोमवारी सुरू होऊन गुरुवारी संपतं, आमच्याकडचं पावसाबरोबर सुरू होऊन खळ्यावर संपतं. दरमहा चार सिनेमे हे माप दरमहा पगार घेणाऱ्या माणसाच्या अंगाने बेतलेलं आहे. ज्याच्या हातात पैसा आणि वेळ वर्षातून एकदाच एकत्र येतात, त्याच्या अंगाला ते बसत नाही.

मग आमच्या भागातल्या माणसाने सिनेमा बघितलाच नाही का? बघितला की, भरपूर बघितला! फक्त वेगळ्या रीतीने बघितला.

सिनेमाच्या धंद्यात विदर्भाला आजही 'सीपी-बेरार' म्हणतात. म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये आमच्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. नकाशा चारदा बदलला, पण वितरकांच्या वह्यांत सीपी-बेरार तसाच राहिला. अमरावती आणि भुसावळ ही या भागातल्या वितरणाची जुनी ठाणी. पेटीतली रिळं तिथून निघायची आणि शहर, तालुका असं करत करत खाली यायची. गावाजवळच्या तंबूत पोचेपर्यंत त्यांवर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या की प्रत्येक सिनेमात पाऊस पडतोय असं वाटायचं.

तंबूतला सिनेमा म्हणजे टुरिंग टॉकीज. त्याची परंपरा थेट मूकपटांच्या काळात जाते. सुरतेकडचे अब्दुलअली युसुफअली १९०१ पासून तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा असे फिरले, आणि नंतर भारतभर. त्यांच्या तंबूत हजारभर माणसं मावत. पुढे ते मुंबईत पक्क्या थिएटरांचे भागीदार झाले. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला बोलपट ज्या मॅजेस्टिकमध्ये लागला, ते त्यांपैकीच एक. तंबूवाला शेवटी इमारतीत गेला, पण तंबू काही संपला नाही. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तो या शतकापर्यंत टिकून राहिला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूवाल्यांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. त्यात रिळांचा जमाना संपून डिजिटल प्रोजेक्टर येतानाची उलघाल फार छान टिपली आहे.

तंबूला पास नव्हता. रोजचं तिकीट रोज. पण त्याचं एक वैशिष्ट्य होतं, आणि माझ्या सगळ्या मांडणीची मेख तिथे आहे : प्रवास सिनेमा करायचा, माणूस नाही. बैलगाडी, मग मालमोटार, मग डिझेलचं जनरेटर, हा सगळा खर्च सिनेमाच्या अंगावर. बघणाऱ्याला फक्त जेवण उरकून चालत जायचं.

मग १९८० च्या दशकात व्हिडिओ आला. हा जमाना ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गणपतीत किंवा शारदेत पोरं घरोघर फिरून वर्गणी गोळा करायची. टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चौकात टेबलावर टेबल चढवून ठेवायचा, आणि रात्रभरात तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा घरगुती. तिसरा मारामारीचा, तोपर्यंत लहान पोरं मातीतच झोपलेली. (त्या कॅसेटी कायदेशीर होत्या का, हे विचारायचं नसतं!) त्यानंतर १९९० च्या दशकात केबल आली. केबलवाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे न्यायला यायचा आणि रात्री त्याच्या स्वतःच्या चॅनलवर एक पिक्चर लावायचा. सिनेमाचं मासिक सभासदत्व खेड्यापाड्यांत आलं ते तेव्हा, मल्टिप्लेक्सच्या पासच्या कितीतरी आधी. पुढे डिशचा रिचार्ज, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाईलचा रिचार्ज. आज आंधळगावात सिनेमाचं मासिक सभासदत्व कोणाकडे नाही, असं म्हणणं धाडसाचं होईल. ज्याच्या खिशात फोन आहे त्याने ते घेतलेलंच आहे, फक्त त्याला तो सिनेमाचा खर्च म्हणत नाही.

यातला 'वर्गणी' हा शब्द मला फार आवडतो. मासिकाची असते ती वर्गणी आणि गणपतीची असते तीही वर्गणीच. इंग्रजीत ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतात त्याला आपल्याकडे केव्हापासून हाच शब्द आहे. पण वर्गणी आणि पास यांत फरक आहे. वर्गणी भरली नाही तर ती गोष्टच होत नाही. मासिक निघत नाही, मांडव पडत नाही. पास तुम्ही घेतला नाही तरी सिनेमा लागतोच आणि खुर्ची असतेच. एकात तुमच्या पैशाने काहीतरी उभं राहतं, दुसऱ्यात आधीच उभं असलेलं काहीतरी भरतं.

सिनेमाच्या इतिहासात वर्गणीच्या या अर्थाची उत्तम मिसाल म्हणजे फिल्म सोसायट्या. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष राय. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकरांनी त्यात आणि एकूणच मराठी फिल्म सोसायटी चळवळीत जन्म घातला. इथे दारावर तिकीट नसे. सभासद आधीच पैसे भरत, त्या पैशांतून हॉल घ्यायचा, परदेशी वकिलातींकडून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून (स्थापना १९६४) रीळ मिळवायचं आणि दाखवायचं. खेळ फक्त सभासदांसाठी म्हणून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट. या सुटीपायी काही मंडळी भलत्याच आशेने सभासद होत आणि बर्गमनचा सिनेमा बघून हिरमुसली होऊन परत जात, हा त्या काळातला नेहमीचा विनोद. पण बाकीच्यांच्या वर्गणीमुळे असे सिनेमे मुंबईत दिसू शकले जे कुठलाही थिएटरवाला लावणार नव्हता. ती वर्गणी परवडत होती का? हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण दुसऱ्या कुठल्या किमतीला ती गोष्ट मिळतच नव्हती.

फिल्म सोसायटी शहरी, शिकलेल्यांची गोष्ट. पण अगदी तीच रीत आमच्या भागात न शिकता चालू आहे, आणि जोरात चालू आहे. ती म्हणजे झाडीपट्टीची नाटकं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टा. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गावोगाव मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो थेट होळीपर्यंत. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावातलं मंडळ तिथे जाऊन कंपनी ठरवतं, ठरलेली रक्कम देतं, मांडव घालतं, स्वतः तिकिटं विकतं. नफा झाला तर गावाच्या कामाला, तोटा झाला तर मंडळाच्या डोक्यावर. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. नाटकाच्या निमित्ताने पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे मल्टिप्लेक्सचा पास निघाला त्याच वर्षी. या नाटकांच्या दुनियेवर 'झॉलीवूड' नावाचा मराठी सिनेमाही २०२२ मध्ये येऊन गेला.

टीव्ही, व्हिडिओ, केबल, मोबाईल इतकं सगळं येऊनही ही नाटकं का टिकली? लोककलेवरचं प्रेम वगैरे आहेच, पण मला तरी हिशेबाचं कारण जास्त मोठं वाटतं. हंगाम धानाच्या कॅलेंडरवर बसवलेला. पैसा हातात आला की नाटक. दिवस मोडत नाही, फक्त झोप मोडते. भाडं लागत नाही, उलट पाहुणे भाडं खर्चून आपल्याकडे येतात. आणि रिकाम्या खुर्चीचा धोका वडशाच्या कंपनीने नाही, गावाने घेतलेला, म्हणून ती खुर्ची भरायला गावच कामाला लागतं. मूव्हीपासच्या मालकांना जे गणित जमलं नाही ते आमच्या मंडळाच्या पोरांना जमतं, कारण त्यांना लोकांनी यावं असंच मनापासून वाटतं. गिऱ्हाईक येऊ नये अशी त्यांची छुपी इच्छा नसते.

आता एवढं लिहिल्यावर वाचकांना वाटेल की मी वर्गणीचे गोडवे गाऊन पासला मोडीत काढणार. तसं नाही. वर्गणीलाही काळी बाजू आहे, आणि ती गावात राहणाऱ्याला चांगली ठाऊक असते. वर्गणी कधीकधी राजीखुशीने दिली जात नाही, वसूल केली जाते. काय बघायचं हे चार-पाच जण ठरवतात, आणि ते चार-पाच जण कोणत्या आळीतले हेही ठरलेलं असतं. मांडवात कोण पुढे बसेल, कोण मागे, बायका कुठल्या बाजूला, याचे अलिखित नियम असतात. आणि मुख्य म्हणजे सगळं गाव तुम्हाला बघत असतं. एखाद्या मुलीला एकटीने, शेजारी कोण बसलंय याची फिकीर न करता, आपल्याला हवा तोच सिनेमा बघावासा वाटला तर वर्गणीत त्याला जागा नाही. अंधारातली एक अनोळखी खुर्ची, जिथे कोणी 'तू कोणाची गं?' असं विचारत नाही, हीसुद्धा एक किमती वस्तू आहे. शहराने सिनेमातून दिलेली ती सगळ्यात मोठी मोकळीक असेल कदाचित.

म्हणून माझं उत्तर एक नाही, दोन आहेत. आंधळगावात राहणाऱ्या, मागावर किंवा बांधीत काम करणाऱ्या माणसाला असा पास परवडण्यासारखा नव्हता आणि नाही, दर ६९९ असो की ३४९. तो फुकट दिला तरी बस आणि बुडालेला दिवस मिळून तिकिटापेक्षा महाग पडतील. आंधळगावचीच एखादी पोरगी नागपुरात होस्टेलला राहून शिकत असेल, मंगळवारी दुपारी कॉलेज लवकर सुटत असेल आणि थिएटर चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर तिला असला पास जरूर परवडेल. महिन्यात तीन सिनेमे ती आरामात बघेल, आणि पॉपकॉर्न घेतलं नाही तर कंपनीच्या गणितालाच सुरुंग लावेल. दोघी-दोघांचं गाव एकच, कमाईत फार फरक नाही, भाषा तीच. फरक आहे तो खुर्ची आणि माणूस यांच्यातल्या अंतराचा. ज्याच्यापासून खुर्ची जवळ त्याने पास घ्यावा. ज्याच्यापासून ती लांब, त्याने वर्गणी काढून खुर्चीच आपल्याकडे आणावी.

आणि हे दुसरं काही अशक्य नाही. तंबूचा नवा अवतार येऊन गेला आहे. हवा भरून फुगवायचं, ट्रकमधून नेता येणारं थिएटर 'पिक्चर टाइम' नावाच्या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये लेहला साडेअकरा हजार फुटांवर उभं केलं होतं. लेहला जे चढलं ते मोहाडी तालुक्यात उतरायला काय हरकत आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मोठ्या शहरातल्या मल्टिप्लेक्सला शंभराच्या आतलं तिकीट दुर्मीळच, तेव्हा या सवलतीचा खरा उपयोग तंबूसारख्या स्वस्त खेळालाच होणार. मंडईच्या हंगामात नाटकाच्या मांडवाशेजारी चार दिवस असा पडदा लागला, सिनेमा रीतसर परवानगी काढून आणला, आणि निदान एका रात्री काय लावायचं ते गावातल्या पोरींनी ठरवलं, तर त्याची वर्गणी द्यायला मी तरी एका पायावर तयार आहे. दर महिन्याला नाही, वर्षातून एकदाच, धान विकल्यावर.

बाकी तुम्ही जिथे राहता तिथून खुर्ची किती लांब आहे ते एकदा मोजून बघा. रुपयांचा हिशेब त्यानंतर आपोआप होतो.